विश्लेषण : ११४ चौरस फुटांच्या भिंतीला ५७ चौरस फुटांचे दोन रोल का पुरत नाहीत?

वॉलपेपर विकत घेताना दुकानदारापासून ऑनलाइन कॅल्क्युलेटरपर्यंत सगळे भिंतीचे क्षेत्रफळ विचारतात. मात्र, भिंतीवर वॉलपेपर चढतो तो उभ्या पट्ट्यांनी. हिशोब नेमका कुठे चुकतो आणि खरेदीआधी काय मोजायचे, याचा आढावा.

बारा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत घ्या. गुणाकार केला की ११४ चौरस फूट. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या रोलमध्ये सुमारे ५७ चौरस फूट कागद असतो. ११४ भागिले ५७, उत्तर दोन, बाकी शून्य. शाळेत या गणिताला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. प्रत्यक्षात या भिंतीला तीन रोल लागतात. दोनच आणले असतील तर कारागीर सहा पट्टे लावतो आणि शेवटी कोपऱ्यात दीड फुटाहून थोडी जास्त रुंदीची भिंत उघडीच राहते. हातात उरतात ते साडेतीन फूट लांबीचे दोन तुकडे, जे त्या साडेनऊ फुटांच्या उंचीला काहीच उपयोगाचे नसतात.

मग धावपळ सुरू होते. दुकानात तोच नंबर आहे, पण माल दुसऱ्या लॉटचा आहे. लावल्यावर शेवटच्या पट्ट्याचा रंग किंचित वेगळा दिसतो. दिवाणखान्यात सोफ्यावर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो दिसतो, निदान घरच्यांना तरी तसे वाटत राहते.

रोलवरचा ५७ हा आकडा कुठून येतो?

भारतात मिळणाऱ्या बहुतांश रोलची रुंदी ५३ सेंटीमीटर आणि लांबी १०.०५ मीटर असते. आपल्याकडे दुकानात यालाच ‘२१ इंची, ३३ फुटी रोल’ म्हणतात. ही युरोपीय प्रमाण मापे आहेत. दोन्हींचा गुणाकार ५.३३ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. आकडा खोटा नाही. रोल उलगडून जमिनीवर पसरला तर तेवढी जागा नक्की झाकली जाईल. अडचण एवढीच की भिंतीवर तो असा एकसंध पसरत नाही.

क्षेत्रफळावर हिशोब ठेवण्याची सवय जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१२ साली राणी ॲनच्या काळात छापील आणि रंगीत कागदावर चौरस यार्डामागे एक पेनी कर बसला. तो १८३६ मध्ये उठला. कर गोळा करणाऱ्याला क्षेत्रफळ पुरेसे होते, कारण कागद वाया किती गेला याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. घेणाऱ्याला असते.

मग मोजायचे काय?

पट्टे. भिंतीच्या रुंदीत किती पट्टे बसतात आणि एका रोलमधून किती पट्टे निघतात, हे दोनच प्रश्न. वरची भिंत सेंटीमीटरमध्ये घेऊ. बारा फूट म्हणजे ३६६ सेंटीमीटर. त्याला ५३ ने भागले की ६.९. सहा पट्ट्यांनी भिंत झाकत नाही, म्हणून सात. उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचे.

आता उंची. साडेनऊ फूट म्हणजे २९० सेंटीमीटर. पट्टा अगदी उंचीएवढा कापत नाहीत. वर आणि खाली दोन-दोन इंच, मिळून १० सेंटीमीटर जादा ठेवतात, कारण छत कधीच एका रेषेत नसते. पट्टा चिकटवल्यावर ही जादा किनार कटरने कापून टाकतात. म्हणजे एक पट्टा ३०० सेंटीमीटरचा. १००५ भागिले ३०० म्हणजे ३.३५. इथे उत्तर खालच्या पूर्णांकाला न्यायचे, कारण पॉइंट पस्तीस पट्टा भिंतीवर लावता येत नाही. एका रोलमधून तीन पट्टे. सात पट्ट्यांना तीनने भागले की २.३३, परत वर न्यायचे, म्हणून तीन रोल.

इंजिनिअरिंगला या दोन क्रियांना ‘सीलिंग फंक्शन’ आणि ‘फ्लोअर फंक्शन’ म्हणतात. एक आकडा छताकडे नेते, दुसरी जमिनीकडे. या गणितापुरते तरी हे नाव ठेवणाऱ्याने खोलीचाच विचार केला होता असे वाटावे. क्षेत्रफळाच्या भागाकारात या दोन्ही क्रिया गायब असतात. रोलच्या शेवटी उरलेला मीटरभराचा तुकडा तो हिशोब बिनदिक्कत पुढच्या पट्ट्यात जमा करतो. भिंतीवर मात्र तो मधोमध आडवा जोड होऊन दिसतो.

उंचीचा एवढा फरक का पडतो?

रुंदी थोडी वाढली तर फार तर एक पट्टा वाढतो. उंची वाढली की प्रत्येक रोलमधून निघणाऱ्या पट्ट्यांची संख्याच घसरते, आणि तीही पायरी उतरल्यासारखी. १००५ सेंटीमीटरच्या रोलसाठी ही पायरी साधारण अशी आहे : भिंतीची उंची ७ फूट १० इंचांपर्यंत असेल तर चार पट्टे निघतात. त्याच्या वर १० फूट ८ इंचांपर्यंत तीन. त्याहून उंच असेल तर दोनच.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट धरलेली आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये उत्तर तीनच येते. साधे डिझाइन असेल तर ‘पट्टे मोजा, तीनने भागा, वर न्या’ एवढे पाठ असले तरी बहुतेकांचे काम होईल. जुन्या इमारतींची गोष्ट वेगळी. दादर-गिरगावातल्या जुन्या चाळीत किंवा पुण्यातल्या पेठेतल्या घरात छत अकरा फुटांवर असेल तर पट्टा ३४५ सेंटीमीटरचा होतो. १००५ मधून असे दोनच निघतात आणि उरलेला तीन मीटरहून मोठा तुकडा बाजूला पडतो. रोलचा जवळजवळ तिसरा हिस्सा! त्याच बारा फुटी भिंतीला आता चार रोल.

उलट बाजूला फॉल्स सीलिंगवाली घरे. छत आठ फुटांवर आले आणि उंची पूर्ण आठ फूट, म्हणजे २४४ सेंटीमीटर धरली तर जादा किनारीसह पट्टा २५४ चा. चार पट्ट्यांना १०१६ सेंटीमीटर हवेत, रोलमध्ये आहेत १००५. अकरा सेंटीमीटरसाठी चौथा पट्टा हुकतो. पण आपल्याकडे जमिनीलगत टाइलचे स्कर्टिंग असते, बहुधा तीन ते चार इंच. वॉलपेपर स्कर्टिंगच्या वरून सुरू होतो. चार इंच वजा केले की पट्टा २४४ सेंटीमीटरचा होतो आणि चौथा पट्टा आरामात निघतो. म्हणून टेप जमिनीला न टेकवता स्कर्टिंगच्या माथ्यावर धरायची. बिल्डरच्या नकाशात लिहिलेली उंची तर घेऊच नका. तीत लाद्या, प्लास्टर आणि पीओपी यांचा हिशोब असेलच असे नाही.

उंची तीन ठिकाणी मोजायची, दोन्ही कोपऱ्यांत आणि मधे, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. सुतारासारखे सुतापर्यंत अचूक जाण्याची गरज नाही. मात्र आकडा वरच्या कुठल्याही पायरीच्या जवळपास, इंच-दोन इंचांत येत असेल तर पुन्हा एकदा मोजावे. तिथली चूक रोलमागे एक अख्खा पट्टा खाते.

‘दहा टक्के जास्त घ्या’ हा सल्ला चालतो का?

कधी चालतो, कधी नाही आणि केव्हा चालेल हे आधी कळत नाही. आपल्या ११४ चौरस फुटांत दहा टक्के मिळवले तर १२५ होतात, ५७ ने भागून २.२, म्हणजे तीन रोल. उत्तर बरोबर आले. अकरा फुटी छताच्या भिंतीला हेच केले तर १३२ चे १४५ होतात, भागाकार २.५५, उत्तर पुन्हा तीन. तिथे लागतात चार. आता तिसरी भिंत घ्या : रुंदी पावणेचौदा फूट, स्कर्टिंगपासून फॉल्स सीलिंगपर्यंत ९२ इंच. क्षेत्रफळ साधारण १०५, दहा टक्के धरून ११६, भागाकार दोनच्या किंचित वर, म्हणून तीन रोल सांगितले जातात. पट्ट्यांनी मोजले तर आठ पट्टे, रोलमागे चार, बरोबर दोन रोल. म्हणजे हाच नियम एका घरात एक रोल कमी सांगतो आणि दुसऱ्या घरात एक रोल जास्त.

कच्चा माल सरासरीने संपत असेल, उदाहरणार्थ रंग किंवा सिमेंट, तर टक्केवारीचा अंदाज चांगला चालतो. उरलेला रंग दुसऱ्या डब्यात ओतता येतो. कापलेला कागद परत जोडता येत नाही.

डिझाइन जुळवण्यात किती कागद जातो?

प्लेन किंवा बारीक पोत असलेल्या वॉलपेपरला जुळवणी लागत नाही. फुले, वेली, भौमितिक नक्षी असेल तर शेजारच्या पट्ट्यावरचे अर्धे फूल या पट्ट्यावरच्या अर्ध्या फुलाला मिळाले पाहिजे. रोलच्या लेबलवर यासाठी एक आकडा असतो. त्याला ‘रिपीट’ म्हणतात, म्हणजे किती सेंटीमीटरनंतर तेच चित्र पुन्हा येते. दोन बाण समोरासमोर असतील तर चित्र सरळ रेषेत जुळते. बाण वर-खाली सरकलेले असतील तर शेजारचा पट्टा अर्धे चित्र सरकवून लावावा लागतो. लेबलवर ‘६४/३२’ असे लिहिलेले असेल तर चित्र ६४ सेंटीमीटरचे आणि सरकवणी ३२ सेंटीमीटरची. बाणासमोर शून्य असेल तर जुळवणीची गरज नाही.

सरळ जुळवणीत पट्ट्याची लांबी रिपीटच्या पटीत वर न्यायची. आपला पट्टा ३०० चा, रिपीट ६४ चा. ३०० भागिले ६४ म्हणजे ४.७, वर नेऊन पाच. पाच चौसष्टे ३२०. पहिला पट्टा शून्यापासून, दुसरा ३२० पासून, तिसरा ६४० पासून ९४० पर्यंत. रोलमध्ये १००५ आहेत, म्हणजे तीन पट्टे निघतात. नऊ-साडेनऊ फुटांच्या घरात ६४ च्या रिपीटने रोलची संख्या वाढत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. ‘डिझाइन आहे, एक रोल जास्त घ्या’ असे सरसकट सांगणाऱ्याला हा हिशोब करून दाखवावा.

रिपीट मोठा असेल तेव्हा मात्र गोष्ट बदलते. मोठी झाडे, पक्षी, हातभर पाने अशा डिझाइनचा रिपीट ९० सेंटीमीटरच्या आसपास असू शकतो. मग पट्टा ३६० चा धरावा लागतो, तिसरा पट्टा ७२० पासून सुरू होऊन १०२० ला संपतो. रोल १००५ चा. पंधरा सेंटीमीटर कमी पडले. रोलमागे दोनच पट्टे, भिंतीला चार रोल. दुकानातल्या कॅटलॉगमध्ये शेजारीशेजारी लावलेली, एकाच किमतीची दोन डिझाइन घरी येईपर्यंत अशी वेगवेगळ्या किमतीची होतात. रोल समजा दोन हजारांचा असेल तर आवडलेल्या झाडासाठी दोन हजार जास्त.

अर्धे चित्र सरकवण्याच्या प्रकारात कापण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. ६४/३२ च्या एकाच रोलमधून ओळीने पट्टे कापत गेले तर पहिला ० ते ३००, दुसरा ३५२ ते ६५२, तिसरा ७०४ ते १००४. रोल संपतो १००५ ला. हिशोब एका सेंटीमीटरवर जमला खरा, पण रोलचे पहिले टोक मळलेले किंवा वाकडे निघाले की तिसरा पट्टा गेला. यावर साधा उपाय आहे. दोन रोल एकदम उघडायचे, एकातून सगळे विषम क्रमांकाचे पट्टे कापायचे आणि दुसऱ्यातून सम क्रमांकाचे. प्रत्येक रोलमध्ये मग ६५ सेंटीमीटरची ऐसपैस जागा राहते. अनुभवी कारागीर हे करतोच. तरीही पहिला पट्टा कापण्याआधी त्याला विचारून घ्यावे.

दार आणि खिडक्या वजा करायच्या का?

पूर्ण खोलीला वॉलपेपर लावणारे आता कमी आहेत, बहुतेक जण टीव्हीमागची किंवा पलंगामागची एकच भिंत करतात. तरीही बारा बाय दहाची खोली घेऊ. चारही भिंती मिळून ४४ फूट, म्हणजे १३४१ सेंटीमीटर. ५३ ने भागून २६ पट्टे. तीनने भागले की नऊ रोल.

यातून तीन फुटी दार आणि चार फुटी खिडकीचे चौरस फूट वजा करण्याचा मोह होतो. तसे केले की क्षेत्रफळाचा हिशोब सातवर येतो. पण दाराच्या रुंदीत ९१ सेंटीमीटर असतात, त्यात पूर्ण पट्टा एकच बसतो. दुसऱ्या पट्ट्याचा काही भाग दाराच्या बाजूला वरपासून खालपर्यंत लागतोच. म्हणून दाराचा एक पट्टा वजा, खिडकीचे दोन. राहिले २३, म्हणजे आठ रोल. खिडकीच्या वर-खाली आणि दाराच्या माथ्यावर लागणारे तुकडे प्रत्येक रोलच्या शेवटी उरणाऱ्या १०५ सेंटीमीटरमधून निघतात. हे गणित प्लेन वॉलपेपरचे. ६४ च्या रिपीटमध्ये शेवटी ६५ सेंटीमीटरच उरतात आणि खिडकीवरच्या तीन फुटांना ते पुरत नाहीत. तिथे काहीही वजा न करता नऊच रोल घ्यावेत.

स्विचबोर्ड, एसी, टीव्ही युनिट वजा करू नयेत. खांब आणि बीम मात्र मिळवायला विसरू नये. आपल्या फ्लॅटमध्ये कोपऱ्यातला खांब पाच-सहा इंच पुढे आलेला असतो. टेप हवेत सरळ ताणली तर ही वळणे सुटतात. भिंतीला चिकटवत, खांबाच्या कडेने वळवत मोजले तर बारा फुटी भिंत तेरा फुटांची निघते.

रुंदी वेगळी असेल तर?

इथे सर्वांत जास्त फसगत होते. ‘कोरियन रोल’ म्हणून मिळणारा प्रकार १.०६ मीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब असतो. एका रोलमध्ये सुमारे १७८ चौरस फूट. आपल्या भिंतीला चार पट्टे लागतात आणि एका रोलमधून पाच निघतात. एक रोल पुरतो, वर एक अख्खा पट्टा उरतो. रोलची किंमत ऐकून महाग वाटला तरी तुलना ५३ सेंटीमीटरच्या तीन रोलशी करायला हवी, एकाशी नाही. अनेक ठिकाणी लावण्याची मजुरी रोलमागे ठरते. मोठ्या रोलचा दर वेगळा असतो का, हेही त्याच वेळी विचारावे.

दुसरे टोक म्हणजे ऑनलाइन मिळणारे, मागचा कागद सोलून चिकटवायचे स्टिकर वॉलपेपर. भाड्याच्या घरात राहणारी मुले-मुली हेच मागवतात. रुंदी ४५ सेंटीमीटर, लांबी कधी १० मीटर तर कधी ५ मीटर. फोटो तोच, डिझाइन तेच. दहा मीटरवाल्यातून आपल्या भिंतीसाठी तीन पट्टे निघतात, नऊ पट्ट्यांना तीन रोल. पाच मीटरवाल्यातून? तीन मीटरचा एक पट्टा काढल्यावर दोन मीटर उरतात, त्यात दुसरा बसत नाही. म्हणजे पट्ट्यामागे एक रोल, एकूण नऊ. क्षेत्रफळ काढणारा कॅल्क्युलेटर इथे पाच रोल सांगेल. सेलमध्ये पाच मीटरचा रोल निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून सहा घेतले, असे झाले तर साधारण पाव भिंत बाकी राहते, नाहीतर आडवे जोड देत बसावे लागते. स्टिकर काढताना भिंतीचा रंग आणि कधी खालची लांबीही सोबत निघते. घरमालकाकडे अनामत अडकलेली असेल तर हा खर्चही हिशोबात धरायला हवा.

मापानुसार छापून देणाऱ्या, एकच मोठे चित्र असलेल्या वॉलपेपरचा दर चौरस फुटावर असतो आणि तिथे क्षेत्रफळाचा हिशोब योग्यच. फक्त चारही बाजूंनी दोन-तीन इंच जादा माप द्यावे. छापलेला माल परत होत नाही.

कमी पडला तर नंतर आणता येत नाही का?

आणता येतो, पण त्याच रंगाचा मिळेल याची खात्री नसते. छपाईच्या प्रत्येक फेरीत शाई आणि कागदात थोडा फरक पडतो. म्हणून प्रत्येक रोलच्या लेबलवर डिझाइनच्या नंबराशिवाय बॅच किंवा लॉट नंबर असतो. डिझाइन नंबर जुळला म्हणजे रोल जुळला असे नाही. दुकानातून निघण्याआधी सर्व रोलचे बॅच नंबर एकाखाली एक वाचावेत. घरी पहिला पट्टा कापण्याआधी सर्व रोल थोडे उलगडून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात शेजारी धरावेत. नंबर एक असूनही रंगात फरक दिसला तर ती तक्रार कात्री लावण्याआधीच करता येते.

पट्ट्यांचा हिशोब काठावर येत असेल, म्हणजे शेवटच्या रोलमधला शेवटचा पट्टाही वापरला जाणार असेल, तर एक रोल जास्त घेणे शहाणपणाचे. आपल्या बारा फुटी भिंतीला तिसऱ्या रोलमधला एकच पट्टा लागतो, दोन शिल्लक राहतात, म्हणून चौथ्याची गरज नाही. वरच्या फॉल्स सीलिंगवाल्या भिंतीला दोन रोलमधले आठही पट्टे लागतात. तिथे एक पट्टा फाटला, बुडबुडा आला किंवा कारागिराने उलटा कापला तर काम थांबेल. न उघडलेला रोल परत घेणार का, हे खरेदीच्या वेळीच विचारून बिलावर लिहून घ्यावे.

कोणती भिंत मोजायचीच नाही?

ज्या भिंतीला ओल आहे ती. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, वरच्या मजल्याच्या गळतीखालची भिंत, यांच्यावर वॉलपेपर लावला की ओल झाकली जाते, थांबत नाही. बाजारातले बरेच वॉलपेपर व्हिनाइलचा थर असलेले असतात आणि त्यातून बाष्प सहज बाहेर पडत नाही. मागे बुरशी धरते, जोड उकलतात. गणपतीच्या आधी घर सजवायचे म्हणून ऐन श्रावणात भिंत झाकणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येते.

तपासणी सोपी आहे. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवायचा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. आधी गळती काढावी, भिंत वाळू द्यावी आणि वॉलपेपरचा विचार दिवाळीनंतर करावा. रोल आधीच घेऊन ठेवले असतील तर ते आडवे आणि कोरड्या जागी ठेवायचे. उभे ठेवले तर कडा चेपतात आणि प्रत्येक जोडात त्या दिसतात.

उरलेल्या कागदाचे काय?

आपल्या उदाहरणात तिसऱ्या रोलमधून ३०० सेंटीमीटर गेले, ७०५ उरले. म्हणजे दोन पूर्ण पट्टे आणि वर मीटरभर. यातला किमान एक पट्टा जपून ठेवावा. उद्या एसीच्या तांब्याच्या पाइपसाठी भिंतीला नवीन भोक पाडावे लागते, जुने भोक बुजवावे लागते, कधी स्विचबोर्ड सरकतो. तेव्हा त्याच बॅचचा कागद दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. उरलेला दुसरा पट्टा पुस्तकांच्या कपाटाच्या आतल्या पाठीला लावता येतो. फक्त रोलवरचे लेबल फेकू नका. त्याचा मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण बॅच नंबर स्पष्ट वाचता येईल असा.